वाडीला न गेलेला फोन

नदीकाठच्या एका गावात हेमांगी नावाची प्रोग्रॅमर राहायची. पूर येणार असला की घरोघरी फोन जावा, असा प्रोग्रॅम ती गावासाठी लिहीत होती. त्याचा एक भाग फोन नंबरांची यादी वाचून फोन लावी, दुसरा त्याच यादीत नवे नंबर घाली.

प्रोग्रॅम चालण्याआधी तपासणारा कंपायलर मात्र अडून बसला. त्याचा निरोप असा होता: 'ही यादी एकाला वाचायला दिली आहे. त्याचं होईपर्यंत दुसऱ्याला बदलायला देता येणार नाही.'

पुराच्या इशाऱ्याचा गावभरचा सराव दुसऱ्याच दिवशी होता. हेमांगी वैतागली. तपासणी टाळायची एक पळवाट होती, ती तिनं वापरली. घरी तीनदा चालवून पाहिलं, सगळं ठीक चाललं.

सरावाच्या दिवशी फोन जात असतानाच बरेच नवे नंबर आले. जागा पुरेना, म्हणून संगणकानं अख्खी यादी मोठ्या जागेत हलवली. फोन लावणारा भाग जुन्याच जागी वाचत राहिला. तिथं आता भलतंच काही होतं. प्रोग्रॅम मध्येच बंद पडला.

दुपारी पैलतीरावरच्या वाडीतले म्हातारे नावाडी, भिवाआप्पा, होडी घेऊन आले.

"ताई, आज सराव होता ना? सकाळपासून सगळी वाडी फोनपाशी बसली होती. वाजलाच नाही."

हेमांगीला त्यांच्याकडे बघवेना. "चूक माझी आहे, आप्पा. कंपायलरनं आधीच सांगितलं होतं. मी त्याचं तोंड बंद केलं."

"खरा पूर असता तर?" आप्पांनी शांतपणे विचारलं आणि ते होडीकडे वळले.

त्या संध्याकाळी तिनं पळवाट काढून टाकली. नवे नंबर वेगळे ठेवायचे, सगळे फोन लागून झाले की मगच यादीत घालायचे, अशी रचना केली. या वेळी कंपायलरनं काहीच हरकत घेतली नाही.

श्रावणात एका दुपारी पाणी खरंच चढलं. वाडीतला प्रत्येक फोन वाजला. दिवस मावळायच्या आत माणसं टेकडीवर पोहोचली. आप्पांनी डोकी मोजली. एकही कमी नव्हतं.

तात्पर्य: एक जण जे वाचत असेल, ते तोवर दुसऱ्यानं बदलू नये, आणि कुणी वेळेवर अडवलं, तर वाट काढण्याआधी कारण समजून घ्यावं.