जाळीवरची पाटी

आटपाट गॅरेज होतं. तिथे विशाखानं स्वतः जोडलेली शर्यतीची गाडी होती. गाडीतली नवी टर्बो इंजिनात जोरात हवा कोंबायची, पण दर सरावात इंजिन उकळायचं.

“ही कार्टीच तापट!” पुढच्या जाळीवरची ‘वडिलांचा आशीर्वाद’ ही हातभर रुंद पितळी पाटी म्हणाली. “पोरी, हळू घे. पुन्हा उकळलं तर भंगारात जाशील.”

“हळूच जायचं तर शर्यतीत कशाला आले?” टर्बो फणकारली. “पाटीआजी, तुम्ही इंजिन थंड ठेवणाऱ्या रेडिएटरच्या तोंडावर बसलाय. त्याला वारा कुठून मिळणार?”

“मी शुभ आहे! मी कशी आड येईन?”

बिचारा रेडिएटर नुसता धापा टाकत राहिला. थोरांपुढे बोलायची त्याला सवय नव्हती.

पुढच्या सरावात टर्बो भंगाराला न भिता पूर्ण जोरानं फिरली. इंजिन उकळलं. वाफ पाटीच्या मागूनच उसळली. विशाखानं वाकून पाहिलं, पाना घेतला आणि पाटी काढून गाडीच्या मागे ठोकली.

शर्यतीत इंजिन थंड राहिलं.

“इथून पुढचं काहीच दिसत नाही!” पाटी कुरकुरली.

“मग मागे पडलेल्या गाड्या बघा, आजी,” टर्बो म्हणाली.