नदीचे पाच उपयोग

नदीच्या धड्यात नदी कुठे खोल आहे ते का नसतं? चौथीत असताना मी गुरुजींना विचारलं होतं. त्यांनी पान उलटलं. पुढे सहावीत माझी शाळाच सुटली.

एका गावात एक बहीण होती. ती माझी. नाव वैजयंता. ‘होती’ म्हणायची मला अजून सवय नाही. ती तालुक्याच्या अध्यापक विद्यालयात शिक्षिका व्हायला शिकत होती. सराव पाठासाठी तिला आमच्याच गावची शाळा मिळाली. विषय परिसर अभ्यास, धडा ‘आपली नदी’.

आमच्या नदीत वाळू उपसून उपसून मोठा खड्डा झालेला. वरून पाणी गुडघाभर वाटतं. पलीकडच्या वस्तीवरची पोरं रोज त्या पाण्यातून शाळेत येतात. ताईनं पाठाच्या टाचणात नदीचे पाच उपयोग लिहिले आणि खाली सहावा मुद्दा लिहिला: खड्डा कुठे आहे, वाट कुठून धरावी.

टाचण तपासणाऱ्या सरांनी त्यावर लाल रेघ मारली.

“हा आशय अभ्यासक्रमात नाही.”

“सर, पोरं रोज तिथूनच येतात.”

“ते ग्रामपंचायत बघेल. तुम्ही उपयोग पुरे करा. वेळ संपली तर गुण जातील.”

घरी ती टाचण मांडीवर घेऊन बसली. जेवलीही नाही. मी म्हणालो, “ताई, सर म्हणतात तर सोड ना. नदी काय पळून जाते? नोकरी लागली की शिकव काय ते.”

“तू लई शहाणा,” ती हसून म्हणाली. आणि तिनं तो मुद्दा सोडला.

पाठाच्या दिवशी सर मागच्या बाकावर वही घेऊन बसले. चौथा उपयोग चालू असताना पलीकडच्या वस्तीवरचा, तिसरीतला हर्षल उठला.

“बाई, मधे लय खोल झालंय. माझा बाप म्हणतो, हत्ती बुडंल.”

पोरं खिदळली. ताईनं सरांकडे पाहिलं. सर घड्याळ बघत होते.

“ते नंतर हं, हर्षल. बस खाली.”

पाचवा उपयोग वेळेत झाला. वहीत शेरा मिळाला: उत्तम.

पाच दिवसांनी शाळा सुटल्यावर घरी परतताना हर्षलची चप्पल पाण्यात वाहून चालली. तो तिच्यामागे गेला आणि दिसेनासा झाला. ताई काठावरच होती. तिनं पिशवी टाकली आणि उडी घेतली. तिला पोहता येत होतं. पण त्या खड्ड्याची कड धरायला गेलं की वाळू ढासळते. दोघंही गेली.

सर भेटायला आले. म्हणाले, “हुशार मुलगी. पाठ किती छान घेतला होता तिनं.” माझा हात उठला. मग मीच तो खाली घेतला. सोड म्हणणारा मीही होतो.

दहाव्याला पिंडाला कावळा शिवायची वाट बघत सगळे घाटावर खोळंबले. मी कमरेला दोर बांधून पाण्यात उतरलो आणि खड्ड्याभोवती नऊ बांबू ठोकले. ताईसाठी आणि हर्षलसाठी माझ्या हातून झालेलं हे शेवटचं काम.

तात्पर्य: मुलांचा जीव वाचवणारी गोष्ट अभ्यासक्रमात नसली, तरी ती पहिल्या तासाला शिकवावी.