सभापतींचा तिसरा टर्बो

बाजार समितीचे सभापती आबासाहेब खराडे यांच्या डिझेल गाडीचा तिसरा टर्बो जळाला. गाडी थांबली की मिनिटभर इंजिन चालू ठेवा, तापलेल्या टर्बोला तेल मिळू द्या, हे सांगून सांगून रसूल मिस्त्री थकले होते. पण गाडी थांबताच आबासाहेब ड्रायव्हरला इंजिन बंद करायला लावत आणि उतरत.

"आम्ही कुणासाठी थांबत नाही," आबासाहेब गुरकावले.

मिस्त्रींनी हात पुसले. "खरंय साहेब. पण मोठी माणसं लगेच उतरत नाहीत. इंजिन चालू ठेवून आत बसतात. लोक दाराशी जमले की मगच उतरतात."

वर्ष झालं, चौथा टर्बो शाबूत आहे.

"हे आधीच का नाही सांगितलंत?" ड्रायव्हरने विचारलं.

"आधी मी इंजिनाचा स्वभाव सांगत बसलो," मिस्त्री म्हणाले. "साहेबांचा उशिरा कळला."