पाठीवरचं बाळंतपण

फार पूर्वी समुद्रातल्या एका बेटावर, डोंगरातल्या ओढ्यात काळी आणि पिवळी अशा दोन गोगलगायी राहत. एकदा पिवळीने काळीच्या शंखावरच अंडी चिकटवली. काळी कडाडली, “अगं बये, माझी पाठ काय तुझं माहेर आहे, बाळंतपणाला यायला? आत्ता दगडाला घासून टाकते!”

“ताई, दगडांवरची सगळी गाळात गुदमरली गं. आता एवढीच उरलीत.”

काळीने पाहिलं. दरड कोसळून ओढ्याचा तळ चिखलाने भरला होता. अंडी पाठीवर तशीच ठेवून ती धबधब्याकडे, नितळ पाण्याकडे चढू लागली.

एका सकाळी अंडी फुटली आणि पिल्लं प्रवाहाबरोबर समुद्राकडे निघाली. काळी बराच वेळ त्या दिशेला बघत राहिली.

“सुटलीस बाई! पाठ हलकी झाली ना?” मागोमाग चढून आलेल्या पिवळीने विचारलं.

“झाली गं. पण आता चढायला जड जातंय.”