नवसाचे कासव

एकदा एक कासव काचेच्या पेटीतून निघून एका वृद्ध आचार्यांच्या हौदात जाऊन पडले, आणि तेवढ्यावरून एका घरातले बारसे अडून राहिले. गोष्ट फार जुनी नाही. कासवे दुकानात विकत मिळू लागली, त्यानंतरचीच आहे.

आचार्य गावाबाहेरच्या शिवमंदिराच्या तळ्याकाठी राहत. थोडी पुस्तके, दोन धोतरे आणि एक शिष्य, एवढाच त्यांचा संसार. शिष्य बुद्धिमान होता, मनाने कोमल होता, आणि आपल्या कोमलपणाचा त्याला थोडा अभिमानही होता. जत्रेत पिंजऱ्यातला पोपट दिसला की तो सोडवून आणी. रानाच्या कडेला जाऊन आचार्य स्वतःच्या हाताने पिंजऱ्याचे दार उघडत, आणि पोपट दिसेनासा होईपर्यंत दोघे वर पाहत उभे राहत.

त्याच गावात कापडाचा एक व्यापारी होता. घरात कासव असले की भरभराट होते, असे कोणीतरी त्याच्या कानावर घातले, आणि तो शहरातून एक कासव घेऊन आला. आणले तेव्हा ते तळहातावर मावत होते. हिरवेगार, कानापाशी तांबडी रेघ, पाहणाऱ्याने पाहतच राहावे असे. दुकानात गल्ल्याजवळ काचेच्या पेटीत त्याची स्थापना झाली. पण हे वाढते, हे विकणाऱ्याने सांगितले नव्हते आणि घेणाऱ्याने विचारले नव्हते. काही वर्षांत ते ताटलीएवढे झाले. पेटीतले पाणी सकाळी बदलले तरी दुपारी गढूळ होई, आणि भरभराटीला असा वास येतो काय, असे गिऱ्हाइके तोंडावर विचारू लागली.

त्याचे सगळे करत होत्या त्या व्यापाऱ्याच्या आई, यमुनाक्का. रोज संध्याकाळी दिवाबत्तीच्या आधी त्या खाण्याची डबी खुळखुळवत, दाणे टाकत आणि ते खाईपर्यंत शेजारी उभ्या राहत. प्रेमबीम काही नाही, घरातले एक काम, असे त्या म्हणत.

मग त्यांच्या सुनेचे बाळंतपण अवघड झाले. डॉक्टरांनीही धीर सोडला, तेव्हा यमुनाक्कांनी देवापुढे पदर पसरला. बाळ-बाळंतीण सुखरूप घरी आली तर एक बंदिवान जीव मोकळा करीन, असे त्या बोलून गेल्या. दोघेही सुखरूप घरी आली. बंदिवान जीव शोधायला लांब जावे लागले नाही, तो दुकानातच होता. व्यापाऱ्यालाही पेटीचा कंटाळा आला होता, आणि कंटाळ्याला पुण्याचे वस्त्र मिळत असेल तर ते कोणीही आनंदाने पांघरतो.

शुभ दिवस पाहून मंडळी तळ्यावर आली. कासवाच्या पाठीवर हळदकुंकू वाहिले, आणि आपल्या पवित्र हाताने याला सोडावे अशी आचार्यांना विनंती केली. आचार्यांनी कासव हाती घेतले. कानापाशी असलेल्या तांबड्या रेघेकडे त्यांनी निरखून पाहिले. मग तळ्याच्या मध्यावर पाण्याबाहेर आलेल्या एकुलत्या एका खडकाकडे पाहिले. तळ्यातली काळी कासवे तिथे एकमेकांना खेटून ऊन खात बसली होती. आचार्य वळले, चालत आपल्या अंगणात गेले, झाडांना पाणी घालायच्या हौदात ते कासव सोडले, वर तट्ट्याचे झाकण टाकले आणि झाकणावर दगड ठेवला.

"याला तळ्यात सोडता येणार नाही," एवढेच ते म्हणाले.

आचार्यांची एक खोड होती. माणसाने आधी स्वतः पाहावे, म्हणून ते कारण सांगायला उशीर करत. ही खोड कधीकधी महागात पडे. त्या दिवशीही पडली.

यमुनाक्कांचा चेहरा उतरला. बोललेला नवस देवाच्या दारातून परत फिरला, याहून वाईट काय असणार? नवस फिटेपर्यंत बारसे करायचे नाही, असे त्यांनी घरी जाऊन सांगून टाकले. मुलाने समजूत घातली, सून रडली, पण त्या हलल्या नाहीत. बाळाला नाव नव्हते, आणि यमुनाक्का दिवसातून कितीतरी वेळा त्याच्यापाशी जाऊन नाकापुढे बोट धरून श्वास पाहत.

शिष्याला तर हे सहनच होईना. पिंजऱ्याचे दार उघडणाऱ्या हातानेच आज झाकणावर दगड ठेवला होता. गुरूंना विचारण्याचे धैर्य नव्हते आणि न विचारता कृती करण्याचे मात्र होते, असे तरुणपणी होते. चार दिवसांनी आचार्य गावात गेल्याचे पाहून त्याने झाकण काढले, कासव उचलले आणि तळ्यात सोडले. ते पाण्यात सरसर नाहीसे झाले तेव्हा त्याचे डोळे भरून आले. तसाच धावत जाऊन त्याने यमुनाक्कांना सांगितले. त्यांनी त्याच्या तोंडावरून हात फिरवून बोटे मोडली, आणि त्याच आठवड्यात बारसे ठरवले.

आचार्य परतले. रिकामा हौद त्यांनी पाहिला. ते रागावले नाहीत, पण त्यांचा चेहरा एकदम म्हातारा दिसला. "चल, घाटावर बसू," ते म्हणाले. "त्या खडकावर लक्ष ठेव."

दोघे बसून राहिले. उन्हे चढल्यावर तांबड्या रेघेचे कासव खडकावर चढले. चढताना त्याने एका काळ्या कासवाला ढकलले, मग दुसऱ्याला. उरलेली आपणहून पाण्यात उतरली. खडकावर एकटे तेच पाय पसरून पडून राहिले, आणि काळी कासवे खडकाभोवती माना वर काढून फिरत राहिली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी काही काळी कासवे तिकडे फिरकलीदेखील नाहीत.

आता आचार्यांनी सांगितले. हे कासव फार लांबच्या देशातले, त्यात त्याचा काही अपराध नाही. पण इथल्या कासवांपेक्षा ते धीट आणि खादाड. ऊन मिळाले नाही तर काळ्या कासवांच्या पाठीला बुरशी धरते आणि ती झिजत मरतात. आचार्यांच्या गुरूंच्या गावी असेच एक तळे होते. तिथे लोकांनी पुण्य म्हणून अशी कासवे सोडली, आणि आता तिथे एकही काळे कासव नाही. "हे मी तुला पहिल्याच दिवशी सांगायला हवे होते," ते म्हणाले. "चूक निम्मी माझी आहे."

शिष्याने टोपली लावून पाहिली, पाण्यात उतरून पाहिले, पण ते हुशार कासव हाती लागेना. जाळे टाकावे तर काळी कासवेच गुरफटायची. आणि समजा सापडलेच, तर यमुनाक्कांना काय सांगायचे? नवस पुन्हा मोडायचा, बारसे पुन्हा थांबायचे, आणि या वेळी त्या म्हातारीला ते सोसवले नसते. कासव सापडावे की सापडू नये, हेच त्याला कळेनासे झाले.

बारशाच्या आदल्या संध्याकाळी यमुनाक्का आचार्यांना आमंत्रण द्यायला स्वतः आल्या. ओचा सावरून घाटाची पायरी उतरल्या आणि पाण्याकडे पाहत उभ्या राहिल्या.

"खातंय का न्हाई ते?" त्यांनी शिष्याला विचारले. "त्याची ही वेळ असतीया."

त्यांनी कनवटीची डबी काढली आणि सवयीने खुळखुळवली. पाण्यावर एक रेघ उमटली. खडकावरचे कासव पाण्यात उतरले होते, आणि सरळ पायरीकडे येत होते. पायरीशी येऊन त्याने मान उंच केली आणि तोंड उघडले. यमुनाक्कांनी दाणे टाकले, आणि ते खात असताना लेकरू उचलावे तसे दोन्ही हातांनी त्याला उचलून घेतले. मग आपण काय केले हे त्यांच्या ध्यानात आले. कासव पोटाशी धरूनच त्या पायरीवर बसल्या.

"माझा नवस मोडला का वो, गुरुजी?"

शिष्याने मान खाली घातली. आचार्य मात्र हसले. कित्येक दिवसांनी हसले.

"यमुनाक्का, पोपटाला आपण सोडले की तो मागे वळून पाहत नाही. तो बंदिवान असतो. हे तुमच्या हाकेला आले. हे तुमचे आश्रित आहे. आश्रिताला दाराबाहेर काढले म्हणून बंदिवान सोडवल्याचे पुण्य लागत नाही. आता जरा तिकडे पाहा."

त्यांनी खडकाकडे बोट केले. मावळतीचे थोडेसे ऊन अजून तिथे होते. एक काळे कासव खडकाच्या कडेला पाय लावून थांबले होते. ते वर चढले. त्याच्यामागून दुसरे आले, मग लहानमोठी आणखी काही.

"इतके दिवस याच्या धाकाने ही कोंडली होती, आपल्याच घरात. तुम्ही एक जीव मोकळा करायचे बोलला होतात. डबी वाजवून तुम्ही तळेभर जीव मोकळे केलेत. नवस व्याजासकट फिटला. उद्या खुशाल पाळणा सजवा."

यमुनाक्का कितीतरी वेळ खडकाकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी पदराने आधी कासवाची ओली पाठ पुसली आणि नंतर स्वतःचे डोळे पुसले.

बारसे थाटात झाले. दुकानामागच्या मोकळ्या जागेत व्यापाऱ्याने ऐसपैस हौद बांधला. ऊन खायला त्यात एक दगड असावा, हे शिष्यानेच सुचवले, आणि तो दगड वाहूनही त्यानेच आणला. पुढच्या जत्रेत त्याने पुन्हा एक पोपट सोडवून आणला. या वेळी मात्र दार उघडण्यापूर्वी तो आचार्यांकडे वळला आणि याचे रान कोणते, असे त्याने विचारले. आचार्यांनी त्या दिवशी कारण सांगायला मुळीच उशीर केला नाही.

आपणही कशाला मोकळे करायला निघालो, तर ते जिथे जाणार आहे तिथे आधीपासून कोण राहते, एवढे पाहून घ्यावे.