ओल्या चुलवाणाचा जाळ

फार फार पूर्वी नदीकाठच्या उसाच्या गावात एक गुळव्या राहत होता. गुऱ्हाळावर काहिलीत, म्हणजे मोठ्या पसरट कढईत, उसाचा रस आटवून तो गूळ करायचा. पाकाचा थेंब पाण्यात टाकून बोटांनी त्याची गोळी वळली, की डोळे मिटून सांगायचा, "उतरवा काहील." त्याचा अंदाज कधी चुकला नाही. त्याच्या हातचा गूळ पिवळाधमक आणि रवाळ.

पण गुऱ्हाळ लागलं की चार महिने त्याला जेवणाची शुद्ध नसे. बायकोनं आणलेली भाकरी फडक्यातच वाळून जाई. उपाशीपोटी तंबाखू, मग भलत्या वेळी ठेचा-भाकरी, पोट दुखलं की वर तांब्याभर पाणी. अशी वर्षं गेली. एका भाद्रपदात त्याला रक्ताची उलटी झाली. पोटात व्रण झाला होता.

गावात एक म्हातारी वैद्यीण होती. तिनं तंबाखू आणि तिखट बंद केलं, ज्येष्ठमध तुपातून दिलं, शतावरी घालून आटवलेलं दूध दिलं. दीड महिन्यानं पोट चाचपून ती म्हणाली, "जखम भरली रे."

गुळव्या ताडकन उठून बसला. बसल्या बसल्या त्याला गरगरलं, पण ते त्यानं दाखवलं नाही. "मग उद्यापासून जाऊ कामावर? गुऱ्हाळाच्या मालकानं काहिलीखालचं मातीचं चुलवाण नवं बांधायला घेतलंय."

"जखम भरली म्हणाले मी, ताकद आली असं नाही म्हणाले. पोटातला अग्नी अजून काडीएवढा आहे. आत्ता तांदळाची पातळ पेज, तूप-मीठ घालून. ती पचून खरी भूक लागली की घट्ट पेज. मग मुगाचं कढण, मऊ भात. भाकरीचं दोन महिन्यांनी बघू."

"दोन महिने? तोवर मालक दुसरा गुळव्या आणील! एकदा त्याचा हात काहिलीला लागला, की मला कोण विचारतंय?"

वैद्यीण पिशवी उचलून गेली.

तिसऱ्या दिवशी मेहुणा आला. यंदा चुलवाणात जाळ घालायचं काम त्याच्याकडे होतं. गुळव्यासमोरची वाटी बघून तो मोठ्यानं हसला. "काय दाजी, दात यायचेत वाटतं अजून?"

"हसा पाव्हणं, हसा. तुमच्या आक्कानं केलीय."

"पेज पिऊन कुणी काहील उचललीय का? आक्का कुठंय?"

"नदीवर गेलीय धुणं घेऊन."

"मग घ्या, तिच्या आत उरका." मेहुण्यानं डबा उघडला. आत लालभडक मटणाचा रस्सा, वर डिंकाचे चार लाडू. "ताकद म्हणतात ती ही!"

त्यानं ते मायेनंच आणलं होतं. गुळव्याला चुलवाण आठवलं, मालक आठवला, आणि त्यानं डबा पुसून खाल्ला.

दिवस मावळायच्या आत पोटात निखारा ठेवल्यासारखी कळ आली. खाल्लेलं सगळं उलटून पडलं. मग पेजसुद्धा झेपेना. दोन दिवस भाताच्या वरच्या निवळीवर काढावे लागले. बायको चमच्यानं ती पाजायची. 

वैद्यीण आली आणि ओसरीवर त्याच्या उशाशी बसली. गुळव्यानं भिंतीकडे तोंड केलं. तेवढ्यात कुंपणापलीकडच्या गुऱ्हाळावरून मेहुण्याचा आवाज आला. "चुलवाण लिंपून झालं! ऊस दारात आलाय. चढवा काहील, उसाची वाळकी चिपाडं भरून जाळ करतो!"

गुळव्या खांबाला धरून उभा राहिला. तो ओरडला, "अहो पाव्हणं, हात आवरा! माती ओली आहे आतून. वरनं सुकलेली दिसते, तिला भुलू नका. एकदम जाळ घातला तर तडकंल, आणि काहिलीसकट सगळं आत बसंल! आज मूठभर पाचट पेटवा, नुसती ऊब द्या. उद्या थोडं जास्त. भिंत स्वतः तापली, की मग चिपाडं."

"ऊस वाळंल की, दाजी!"

"वाळू दे. चुलवाण बसलं तर अख्खा हंगाम जाईल."

बोलता बोलता तो थांबला. वैद्यीण त्याच्याकडे बघत होती. तो हळूच खाली बसला.

"बाई," तो म्हणाला, "मी लाडू खाल्ले."

"ठाऊक आहे. माझा लेक असाच ताप उतरल्याच्या तिसऱ्या दिवशी नांगर धरायला गेला होता, तो परत आला नाही. मी दारात आडवं उभं राहायला हवं होतं." तिनं पदर सारखा केला. "घे, निवळी गार होतेय."

संध्याकाळी मालक आला. कामावर कधी येतोस, हे विचारायला तो ओसरीच्या कडेवर टेकला. त्यानं विचारायच्या आत गुळव्यानंच सांगितलं, "पलीकडच्या गावचा गुळव्या बोलवा. मला अजून वेळ लागंल."

दुसऱ्याच्या काहिलीची वाफ ओसरीवर येई. गुळव्या वास घेऊन ओळखायचा, आता रसावरची मळी काढली, आता पाक आला. बोटं आपोआप गोळी वळायची. एक दिवस मात्र तो दचकला. पोटात काहीतरी हाक मारत होतं. दुखणं नव्हतं, भूक होती! कित्येक वर्षांत त्याची-तिची गाठच पडली नव्हती. त्यानं बायकोला हाक मारून पेज मागितली.

मग पेज घट्ट झाली, कढण आलं, मऊ भात आला. तो विहिरीपर्यंत चालू लागला, मग बांधापर्यंत. पौषात त्यानं दुधात कुस्करून अर्धी भाकरी खाल्ली आणि ती पचली. त्याच सुमाराला पलीकडच्या गुळव्याला त्याच्या गावचं बोलावणं आलं, आणि मालक ओसरीशी येऊन म्हणाला, "काय रे, उद्या येतोस?"

चुलवाण भक्कम उभं होतं, कुठं तडा नव्हता. रस काहिलीत पडला आणि उकळी यायला अवकाश होता, तेवढ्यात मेहुणाच ओरडला, "दाजी, आधी जेवण! काहील मी बघतो." गुळव्या हात धुऊन बायकोसमोर जेवायला बसला.

गुळाची पहिली ढेप त्यानं वैद्यिणीला नेऊन दिली. तिनं एक खडा तोंडात टाकला, एक लेकाच्या नावानं कोनाड्यात ठेवला आणि ती म्हणाली, "छान झालाय रे."

तात्पर्य: जखम भरली म्हणजे ताकद आली असं नाही. ती थोडी थोडी येते, आणि तिची वाट बघण्यात दिवस वाया जात नाहीत.