टेकडीवरचा घाणा

बंदर नवं होतं तेव्हाची गोष्ट. एक तेलघाणा टेकडीवर ऐटीत बसला होता. खोबरं गलबताने यायचं, तेलही गलबतानेच जायचं. पण खाली माशांचा वास येतो म्हणून तो वरून हलेना. बांड्या बैल खोबरं वर ओढी आणि तेल खाली नेई.

एकदा बांड्या धापा टाकत धक्क्यावर पोचला, तर गलबत भरती साधून निघून गेलेलं. तेलाचे भरलेले बुधले त्याने तसेच परत वर आणले.

"गलबत थांबलं का नाही?" घाणा कडाडला.

"भरती थांबते होय कुणासाठी?"

घाणा परत आलेल्या बुधल्यांकडे पाहू लागला. मग हळूच म्हणाला, "मला खाली नेशील?"

सकाळी तो गाडीत चढला. "फार जड आहे ना रे मी?"

"आजवरचं सगळ्यात जड ओझं," बांड्या शेपटी उडवत म्हणाला, "पण हे परत वर आणायचं नाही!"